नॉर्वेची रेघ

अजूनसुद्धा कुणाच्या घरी गेले की मी आधी वर बघते. माणसं म्हणतात बसा, पाणी घ्या, आणि माझी मान आपली वर. पंख्याच्या कडीपाशी चीर आहे का, कोपऱ्यात ओल धरलीय का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का. सून मला म्हणते, "आई, लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या घरातली जळमटं शोधताय." जळमटं कसली! ही खोड मला सरांनी लावली. भीती अशी खोकल्यासारखी लागते बघा, एकाची दुसऱ्याला.

सर आमचे भाडेकरू. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची बैठी घरं. पुढे पत्र्याची पडवी, आणि बाजूला एक सुटी खोली, ती आम्ही भाड्याने द्यायचो. खोली बघायला माणूस आला की विचारतो, पाणी किती वाजता येतं, संडास कुठे. सरांनी त्यातलं काही विचारलं नाही. उंबऱ्यातच उभं राहून वर बघितलं.

"पत्रा आहे?"

"पत्राच आहे सर. उन्हाळ्यात जरा तापतो."

"तापू दे. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, ताई. स्लॅब पडला तर..."

एवढं बोलून थांबले. इतकी वर्षं आमच्याकडे राहिले, पण ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

गाव त्यांचं चामटोली, बदलापूरच्या पुढे. भाऊ भातशेती करायचा, घर कौलारू. खरं तर तिथून रोज येऊन-जाऊन नोकरी करता आली असती. कितीतरी जण करतात. पण यांना शाळा भरायच्या आधी शाळेत पोचायचं असायचं. का? तर वर्गांचे आवाज ऐकायला.

आवाज ऐकायची त्यांची छत्री होती. काळी, लांब दांड्याची, पुढे लोखंडी टोक. वर्गात शिरले की हात उंच करून छताला ठक ठक करायचे आणि कान लावून उभे राहायचे, डॉक्टर छाती ठोकून बघतो तसे. मग एकच शब्द. भरीव, नाहीतर पोकळ. ठोकून ठोकून त्या छत्रीच्या काड्या सगळ्या खिळखिळ्या झालेल्या, ती काही उघडायची नाही. त्यामुळे पावसाळ्यात सर रेनकोट घालून, हातात मिटलेली छत्री धरून चाललेले दिसायचे. बाजारातली पोरं हसायची. यांना पत्ता नाही.

रेशनच्या दुकानात ठक ठक. बँकेत ठक ठक, तिथे वॉचमनने हटकलं. आमच्या पुतण्याच्या लग्नाला अंबरनाथला हॉलवर घेऊन गेलो, तर हे आत येऊन एकदा ठोकून जे बाहेर गेले, ते मांडवाच्या कापडाखाली उभ्या-उभ्या जेवले. वरमाय मला विचारते, "तुमचे पाहुणे रुसलेत का?" आता काय सांगू तिला, की बाई, तुझा हॉल पोकळ आहे म्हणून?

भित्रे होते म्हणावं, तर तसंही नाही. गल्लीत साप निघाला होता, तो यांनी काठीवर उचलून नाल्यापलीकडे सोडला. भीती फक्त छताची. एकदा चहा पिताना आपणहून म्हणाले, "ताई, आधीच्या शाळेत एकदा प्रार्थना लांबली. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी एक कडवं जास्त वाजवलं, म्हणून पोरं मैदानातच होती. आणि आत धप्पकन आवाज. जाऊन बघतो तर सगळी बाकं पांढरी." मग कप खाली ठेवला. "एक कडवं, ताई."

तेव्हापासून म्हणे त्यांच्या शाळेत प्रार्थना लांबवायची जबाबदारी ते स्वतःकडे घ्यायचे.

आमची इथली शाळा बाजाराच्या तोंडालाच. फार जुनी इमारत, आधी सिंधी शाळा होती, मग मराठी झाली. सर शिकवायचे भूगोल. माझी नात सायली त्यांच्या वर्गात, नववीला. माझा मुलगा-सून दोघं कामावर, पोर माझ्याकडे वाढलेली. ती पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आजी, सर आम्हाला अर्ध्याच वर्गात बसवतात. एका बाकावर चौघं-चौघं. उरलेला अर्धा वर्ग रिकामा."

"का गं?"

"वरून माती पडते. सळ्या दिसतात. गंजलेल्या. सर म्हणतात तिकडे चप्पलसुद्धा ठेवायची नाही."

माझ्या हातात तेव्हा जीन्स होती, मी धागे कापत होते. आमच्याकडे बायकांना घरबसल्या ते काम मिळतं, कारखान्यातून गठ्ठा आणायचा, लोंबते धागे कापायचे आणि परत नेऊन द्यायचा. त्या दिवशी माझी कात्री धाग्याऐवजी कापडालाच लागली. अर्धा वर्ग रिकामा ठेवला, ठीक. पण स्लॅब काय अर्ध्यावर येऊन थांबणार आहे? त्याला का रेघ कळते?

सरांना विचारलं. म्हणाले, "तीच रात्रंदिवस भीती आहे. दुसरी खोली नाही. वर कळवतोय, पुन्हा पुन्हा कळवतोय. उत्तर येतं, निधी नाही." आणि मग हसले जरासे. "मी म्हटलं, आपल्याकडे नाही ना? मग कुणाकडे आहे ते तरी बघू या."

तर असं ते खूळ सुरू झालं. जगातला कुठला देश नववी-दहावीच्या एका पोरामागे सरकारातून किती घालतो, हे शोधायचं. रोज संध्याकाळी मोबाइलला डोळे लावून. आमच्या ह्यांना वाटलं, माणूस लॉटरीच्या नादी लागला. मग एक दिवस माझ्या रांगोळीचा डबा मागितला आणि आमच्या घरातल्या फरशीवर, भिंतीच्या कडेपासून रेघा ओढायला बसले.

"ही आपली." बोटाएवढी रेघ.

"हा ब्राझील. हा जपान." जपान माझ्या गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून गेला.

"आणि ही नॉर्वे." नॉर्वे उंबरा ओलांडून पडवीत, पडवीतून गटारापर्यंत.

मी म्हटलं, "सर, माझी रांगोळी संपली की हो."

आमचे हे खाटेवरून म्हणाले, "अहो, पण तिकडे सगळंच महाग. चहा प्यायचा तर आपल्या जेवणाचे पैसे पडतात म्हणे. मग जास्त घालणारच की ते."

"तो हिशेब धरलाय, काका. भाव जुळवूनच रेघ काढलीय. न जुळवता काढली, तर ही स्टेशनपर्यंत जाईल."

"आकडा सांगा ना मग. रेघा कसल्या काढताय पोरीबाळींसारख्या?"

"आकडा ऐकला की माणूस जांभई देतो. मी स्टाफरूममध्ये सांगून बघितलंय." सर गुडघ्यावरची रांगोळी झटकत उठले. "रेघ पायात येते. ती ओलांडायला तरी थांबावं लागतं."

मी आपली त्या बोटाएवढ्या रेघेकडे बघत होते. त्यातच फळा, त्यातच खडू, त्यातच सरांचा पगार आणि उरलं तर छत. सर म्हणाले, "आठवीपर्यंत कायदा आहे, खिचडी आहे, कुणीतरी विचारतं तरी. नववीत गेलं की पोर नजरेआड होतं. उंची वाढते, भूक वाढते, रेघ मात्र तेवढीच." सायली दारात उभी राहून ऐकत होती. त्या वर्षी खरंच ताडमाड वाढली होती पोर. मला एकदम वाटलं, हिला धरून खाली बसवावं.

मग कळलं, वरच्या ऑफिसातून एक साहेब शाळा बघायला येणार आहेत. सरांना कोण आनंद! आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आले. "ताई, पीठ चाळायची जुनी चाळण आहे का? मैदानावर चुन्याची फक्की टाकायचीय." माझी एक चाळण होती, जाळी एका बाजूला फाटलेली. ती दिली. मला वाटलं, खेळाच्या रेघा मारणार असतील साहेबांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धागे कापलेल्या जीन्सचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गोपसेठच्या कारखान्यावर निघाले. बाजाराच्या कोपऱ्यावर वळले.

दुकानांच्या अगदी पायऱ्यांना लागून पांढरी रेघ.

आता आमच्या गावात राहिलेल्या माणसाला चुन्याची रेघ म्हणजे काय ते सांगायला नको. रस्ता रुंद करायचा असला की आधी रेघ येते, मग माणसं टेप घेऊन येतात, मग जेसीबी. आमची जुनी पडवी तशीच गेली होती. रेघ दिसल्यावर माणूस जेवू शकत नाही. घर निम्मं आपलं, निम्मं रेघेपलीकडचं.

बाजारात नुसता कल्ला. मशीन बंद पडलेल्या, कारागीर रस्त्यावर. गोपसेठ, म्हणजे माझे कामाचे शेठ, सत्तरीचे सिंधी गृहस्थ, शिडीवर चढून स्वतःच्या दुकानाची पाटी उतरवत होते.

"साईं, पूरा ओटा जाएगा! नोटिस नहीं, कुछ नहीं!"

"शेठ, कधी आले होते मारायला?"

"सुबह-सुबह. किसीने देखा नहीं. चहावाला बोलता है, चार आदमी थे, पीला हेल्मेट."

चार आदमी! चहावाला शपथेवर सांगत होता. शेजारचा बांगड्यावाला झाडू घेऊन रेघ पुसायला धावला, तर त्याच्या बायकोने दंड धरला, "पुसू नका हो, केस होईल!" कुणी नगरसेवकाला फोन लावतोय, कुणी रडतंय. पलीकडच्या ओळीत दोघे सख्खे भाऊ हातघाईवर आलेले, कारण रेघ एकाच्याच दुकानासमोर होती. "तूच पैसे चारून माझ्याकडे वळवलीस!"

मी गठ्ठा खाली ठेवला आणि जरा वाकून बघितलं. रेघेच्या एका बाजूला फक्की जाड पडलेली, ढेकळासारखी, हातहातभर अंतराने. फाटक्या जाळीतून पीठ पडतं तशी. माझी चाळण!

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ही रेघ आली कुठून ते तर बघा!" आणि अख्खा बाजार रेघ धरून निघाला. मी मधे. शंभर माणसं संतापलेली, आणि रेघेच्या त्या टोकाला एक छत्रीवाला माणूस आणि माझी सायली.

रेघ बाजारातून शाळेच्या फाटकात वळली. शिपाई बाजूला झाला. रेघ मैदानातून, व्हरांड्यातून, सरळ नववीच्या वर्गात. कारागीर, दुकानदार, बायका, सगळे दारातून आत घुसले. आत पोरं अर्ध्या खोलीत चिकटून बसलेली. सर फळ्यापाशी, हातात छत्री.

"किसने मारा ये? कौन है?" गोपसेठचा आवाज चिरकला. मागून कुणीतरी शिवी दिली, कुणी बाक ढकललं.

सरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला वाटलं, गर्दीला घाबरले. पण ते गर्दीकडे बघतच नव्हते. वर बघत होते.

"हळू," सर म्हणाले. अगदी पुटपुटल्यासारखं. "सगळ्यांनी हळू बोला. पाय आपटू नका."

एवढ्या लोकांच्या पायांनी ती खोली हलत होती. वरून माती सुटली. सुरसुर, सुरसुर. पिठाच्या चाळणीतून पडते तशी. सगळे गप्प झाले, आणि त्या गप्प खोलीत तो आवाज ऐकू आला. सायली माझ्याकडे बघत होती. मी पाच हातांवर उभी, आणि मला पुढे जाता येईना. पाऊल टाकलं आणि त्यानेच पडला तर?

"मोठी माणसं आधी मागे सरका. दारातून एकेक. पोरांनो, बसूनच राहा. मी नाव घेईन तो उठेल." सरांचा आवाज थरथरत होता, पण नावं बरोबर हजेरीच्या क्रमाने येत होती. एकेक पोर भिंतीला पाठ घासत बाहेर. आमच्या सायलीचं आडनाव शेवटचं. तेवढा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत.

ती दाराबाहेर आली, मागून सर आले, आणि आत एक पापुद्रा सुटला. फार मोठा नाही, परातीएवढा. मधल्या रिकाम्या बाकावर आदळला. फळी मधोमध मोडली.

मग सरांनी मैदानात उभं राहून सांगितलं, ही रेघ रस्त्याची नाही, नॉर्वेची आहे. आपली रेघ आत आहे, त्या मोडक्या बाकाएवढी. साहेब येणार होते, ते चालत बघतील म्हणून काढली.

"साहेब किधर है?" गोपसेठनी विचारलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "त्यांना मीटिंग लागली. फोन आला होता."

गोपसेठ खिडकीतून आत त्या बाकाकडे बघत राहिले. "मैं इधरीच बैठता था," म्हणाले. "तब भी इधर से पानी टपकता था. मास्तर बोलता था, हो जाएगा." मग खाली वाकून त्यांनी बोटाने फक्की उचलली, बघितली. "साईं, तूने तो मेरी जान निकाल दी. दुकान के लिए पूरा बाजार भागा. इसके लिए कोई नहीं भागा." त्यांच्या कारखान्यातली एक काज-बटण करणारी बाई तिथेच मटकन खाली बसली होती. तिची पोर सायलीच्या बाकावरची.

त्या वर्गाला खोली द्यायला मग सगळा बाजार तयार झाला. गोपसेठनी गोदाम उघडून दिलं. सरांनी आत जाऊन ठक ठक केलं. पोकळ. बांगड्यावाल्याचा माळा. पोकळ. गोपसेठ चिडले, "अरे, पूरे उल्हासनगर में तेरे को कोई छत पसंद है कि नहीं?" शेवटी नववी भरली कुठे, तर आमच्या पडवीत. पत्र्याखाली. उन्हाने पोरं नुसती भाजून निघायची. आमचे हे खाटेसकट घराच्या मागे गेले आणि वर्षभर कुरकुरत राहिले. पण मी धागे कापता कापता सगळा जगाचा भूगोल ऐकला, आणि सायली वर मान न करता पुस्तकात बघतेय, हेही बघितलं.

सरांना नोटीस आली, शाळेच्या आवाराबाहेर रेघ का मारली याचा खुलासा करा. त्यांनी एका ओळीत कळवलं, नॉर्वे आवारात मावत नाही. आम्हाला वाटलं, नोकरी जातेय आता. गेली नाही. वर्गाला कुलूप लागलं, आत लोखंडी टेकू उभे केले, दुरुस्ती होईपर्यंत म्हणून. सायली दहावी झाली, पुढे शिकली, आता बदलापूरला कात्रपमध्ये राहते. टेकू तिथेच.

सर रिटायर होऊन चामटोलीला गेले. मागच्या वर्षी मी भेटायला गेले होते. सर कौलाखाली बसले होते, कान पार गेलेले. मी मोठ्याने बोलले, तरी हातानेच खुणा. निघताना छत्री माझ्या हातात दिली. "मला आता काही ऐकू येत नाही, ताई. तुम्ही ऐका."

मला हसू आलं तेव्हा. आणून दाराआड ठेवली.

परवा शेजारची परी सांगत आली, "आजी, मी नववीत गेले ना! आमचा वर्ग कसला भारी आहे, मधे लोखंडाचे खांब आहेत. आम्ही दप्तरं अडकवतो त्यांना."

मी छत्री घेतली आणि शाळेत गेले. परीचा डबा राहिला म्हणून सांगितलं. कुलूप काढलेलं. आत आकाशी रंग, ताजा, वास येत होता. टेकूंच्या मधेमधे बाकं लावलेली, आता पूर्ण खोलीभर. माझा हात काही पोचेना, म्हणून चप्पल काढून बाकावर चढले. नवीन बाई आहेत, तरुण पोरगी, ती धावत आली, "आजी, उतरा! पडाल!"

"मी नाही पडत गं," म्हटलं, आणि टोकाने वर ठोकलं.

रंग नवा होता. आवाज जुनाच.

घरी आले, माळ्यावरून चाळण काढली. जाळी आता दोन ठिकाणी फाटलीय. ह्यांनी विचारलं, "आता या वयात कसल्या रेघा मारणार?" मी म्हटलं, "फक्की आणून ठेवा तेवढी. बाजार उघडायच्या आत आटपायला पाहिजे." हात कापतो माझा, वाकडी येईल. येऊ दे. चुन्याची रेघ वाकडी म्हणून आमच्या बाजारात अजून कुणी घरी बसलेलं नाही.